विश्लेषण : मोगलीच्या जनकाला पाचव्या वर्षी मुंबईतून परक्या घरी का पाठवले गेले?

मोगली, बगीरा, शेरखान ही नावे ठाऊक नाहीत असे मराठी घर विरळाच. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली पाहणारी पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. या पात्रांचे जनक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईतला आणि पहिली पाच वर्षेही बहुतांशी इथलीच. त्यानंतर त्यांना आणि तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवून आईवडील भारतात परतले. तेव्हा भारतात राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांत हीच रीत होती. परक्या, उष्ण देशात नोकरीसाठी आलेल्या एका कुटुंबाने मुलांसाठी घेतलेला हा निर्णय पुढे जागतिक साहित्यात कसा उतरला, त्याचा हा आढावा.

किपलिंग कुटुंब मुंबईत का आले?

रुडयार्ड यांचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग शिल्पकार आणि कलाशिक्षक होते. आई ॲलिस मॅकडोनल्ड ही मेथडिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी. १८६५ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये दोघांचे लग्न झाले आणि लगेचच ते मुंबईच्या बोटीत बसले. लॉकवूड यांना सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकवण्याची नोकरी मिळाली होती. इंग्लंडमध्ये पैसा आणि ओळखी नसलेल्या होतकरू तरुणांसाठी भारतातली नोकरी ही तेव्हा मोठी संधी असे.

ते आले तेव्हा मुंबई विचित्र अवस्थेत होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी युद्ध संपताच ओसरली आणि १८६५ मध्येच शेअर बाजार कोसळला. मात्र, किल्ल्याची तटबंदी पाडून नवे शहर उभारण्याचे काम सुरूच होते. त्या कामात लॉकवूड यांचाही हात लागला. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पे त्यांचीच. भाजीचे ओझे वाहणारी माणसे त्यात दिसतात.

३० डिसेंबर १८६५ रोजी कला महाविद्यालयाच्या आवारातल्या घरात रुडयार्डचा जन्म झाला. आईवडिलांची पहिली भेट इंग्लंडमधील ज्या तलावाकाठी झाली, त्याचेच नाव मुलाला दिले गेले. ते मूळ घर आता नाही. त्या जागी नंतर बांधलेला अधिष्ठात्यांचा लाकडी बंगला मात्र झाडीत उभा आहे.

त्या घरात मूल कोणत्या भाषेत वाढत होते?

या प्रश्नाच्या उत्तरात पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. घरात साहेब-मेमसाहेबांपेक्षा नोकरमाणसेच मुलाच्या अधिक जवळ होती. त्याला सांभाळणारी आया कॅथलिक होती. मुंबईत तेव्हा गोव्याकडच्या ख्रिस्ती माणसांना पोर्तुगीज म्हणत, तशीच तिची ओळख पुढे किपलिंग यांनी करून दिली. मीता नावाचा हिंदू गडी होता. सकाळी आया मुलाला घेऊन फळबाजारात जाई. वाटेत एखादा क्रूस दिसला की ती प्रार्थना करी आणि मूल शेजारी उभे राही. मीताबरोबर फिरताना ते त्याचा हात धरून देवळातही जाई. एवढ्या लहान मुलाला जातीपातीचा अडसर नव्हता.

दुपारी झोपवताना आया आणि मीता त्याला गोष्टी सांगत, गाणी म्हणत. संध्याकाळी कपडे बदलून त्याला आईवडिलांकडे नेले जाई, तेव्हा आता इंग्रजीत बोलायचे अशी ताकीद मिळे. मग डोक्यात चालू असलेली देशी भाषा मनातल्या मनात इंग्रजीत उलथवून तो अडखळत बोले. स्वप्नेही त्याला देशी भाषेतच पडत, असे त्यांनी आयुष्याच्या अखेरीस आत्मचरित्रात नोंदवले. म्हणजे या मुलाची घरातली भाषा नोकरांची होती आणि आईवडिलांची भाषा त्याच्यासाठी दुसरी होती. मीताचे नाव आत्मचरित्रात आले, पण आयेचे नाव मात्र त्यात कुठेच नाही.

उन्हाची भीती नेमकी कशाची होती?

सतराव्या शतकातल्या मुंबईतील इंग्रजांमध्ये माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच पडली होती. किपलिंग यांच्या काळापर्यंत परिस्थिती सुधारली होती, पण भीती गेली नव्हती. पटकी, आमांश, विषमज्वर आणि हिवताप कधी गाठतील याचा नेम नसे. १८७० मध्ये किपलिंग दाम्पत्याला तिसरे मूल झाले आणि ते जन्मानंतर लगेचच दगावले. त्यामुळे ही भीती त्यांच्यासाठी ऐकीव राहिलेली नव्हती.

त्या वेळच्या वैद्यकीय समजुतीनुसार दोष हवेचा होता. कुजक्या जागेतून उठणारी दूषित हवा ताप आणते, कडक ऊन थेट मेंदूवर परिणाम करते आणि उष्ण हवेत वाढलेले युरोपीय मूल पाच-सहा वर्षांनंतर फिकट, अशक्त आणि आळशी बनते, असे डॉक्टर सांगत. म्हणून उन्हात शोला टोपी, पोटाला फ्लॅनेलचा पट्टा, दारा-खिडक्यांना पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या ताट्या आणि डोक्यावर दोरीने ओढायचा पंखा असा सरंजाम असे. ज्यांना परवडे ते उन्हाळ्यात माथेरान, महाबळेश्वर गाठत.

खरे कारण पाण्यात आणि डासात होते. पटकीचा जंतू कोलकात्यात रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये निश्चित केला. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत उघड केला. तोवर इंग्रज मुलांच्या कित्येक पिढ्या हवापालटासाठी समुद्रापार गेल्या होत्या.

भीती केवळ आजारांची होती का?

नाही. तेवढीच असती तर हिमालयातल्या थंड हवेच्या ठिकाणी शाळा होत्याच. सनावरची शाळा १८४७ मध्येच सुरू झाली होती. मात्र तिथे प्रामुख्याने सैनिकांची आणि कमी पगारदार गोऱ्यांची मुले जात. मुलाला इंग्लंडला धाडणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. भारतात शिकलेल्या मुलाच्या इंग्रजीला देशी हेल येई आणि त्या हेलावरून लोक त्याला मिश्र वंशाचा समजतील, ही धास्ती पालकांना असे. पुढे वरच्या सरकारी नोकऱ्यांची दारे बंद होतील, हा हिशेबही त्यात होता.

आणखी एक तक्रार नेहमी केली जाई. नोकरचाकरांत वाढलेले गोरे मूल हट्टी, हुकूमशहा होते. रुडयार्ड त्याचे उदाहरण ठरला. १८६८ मध्ये दुसऱ्या बाळंतपणासाठी ॲलिस त्याला घेऊन माहेरी गेल्या. तिथे ट्रिक्स या लाडक्या नावाने पुढे ओळखली गेलेली मुलगी झाली. तोवर अडीच वर्षांच्या रुडयार्डने आरडाओरडा करून आजोळ डोक्यावर घेतले होते. तो परत गेला तेव्हा नातेवाइकांनी सुटकेचा श्वास सोडला. मुंबईत ज्याचा प्रत्येक शब्द झेलला जाई, ते मूल इंग्रजी घरात कुठेच बसत नव्हते.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास कित्येक आठवड्यांनी कमी झाला आणि मुलांना पाठवणे आणखी सोपे झाले.

साऊथसीमध्ये काय घडले?

१८७१ मध्ये चौघेही इंग्लंडला गेले. पोर्ट्समथजवळच्या साऊथसी गावात लॉर्न लॉज नावाचे घर होते. समुद्रावर आयुष्य घालवलेले वृद्ध कॅप्टन होलोवे आणि त्यांची पत्नी पैसे घेऊन भारतातल्या साहेबांची मुले सांभाळत. त्यांचा पत्ता वृत्तपत्रातल्या जाहिरातीवरून मिळाला होता. सहावे वर्षही न सरलेल्या रुडयार्डला आणि तीन वर्षांच्या ट्रिक्सला तिथे ठेवून आईवडील निघून गेले. आपण जात आहोत, हे त्यांनी मुलांना सांगितले नाही. निरोपाची रडारड मुलांना अधिक त्रासदायक ठरते, असा तेव्हा समज होता. मुलांनी मात्र आईवडिलांनी आपल्याला टाकले, असा अर्थ घेतला.

कॅप्टन मुलाशी मायेने वागत, पण १८७४ मध्ये ते वारले. त्यानंतर घरावर राज्य उरले ते पत्नीचे आणि तिच्या मोठ्या मुलाचे. ट्रिक्स त्या बाईंची लाडकी होती, तर रुडयार्ड डोळ्यांत खुपत असे. मारहाण, एकटे कोंडून ठेवणे आणि नरकाची भीती घालणे हा रोजचा क्रम झाला. मुलाची नजर अधू होत चालली होती, हे कुणाच्या लक्षात आले नाही. अभ्यासातल्या चुका हे ढोंग ठरले. एकदा तर तो खोटारडा असल्याचा फलक पाठीवर लावून त्याला रस्त्यातून शाळेत धाडण्यात आले.

दरवर्षी डिसेंबरचा एक महिना तो लंडनला मावशीकडे जाई. मावशी जॉर्जियाना ही प्रसिद्ध चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांची पत्नी. तिथे खेळ, गोष्टी, माया सारे काही होते. पण साऊथसीत काय चालले आहे, हे त्याने तिला कधीच सांगितले नाही. लहान मुले वाट्याला आलेले तसेच असायचे म्हणून सोसतात, हे पुढे त्यांनीच उमजून लिहिले.

१८७७ मध्ये आई परत आली. रात्री पापा घ्यायला ती त्याच्यावर वाकली, तेव्हा मुलाने मार चुकवण्यासाठी हात आडवा धरला. त्या एका हालचालीने तिला साडेपाच वर्षांचा हिशेब कळला. तिने मुलांना तिथून बाहेर काढले.

आईवडिलांनी हे केलेच का?

चरित्रकार आजही या प्रश्नाभोवती फिरतात. ॲलिस यांच्या बहिणी सुस्थितीत होत्या. एका बहिणीचा मुलगा स्टॅनले बाल्डविन पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. मग मुलांना नातेवाइकांकडे का ठेवले नाही? १८६८ चा अनुभव आड आला असावा, असे अनेकांना वाटते. नात्यातल्या उपकारापेक्षा पैसे देऊन केलेली सोय बरी, हाही विचार असू शकतो. ॲलिस यांनी त्याचे स्पष्टीकरण मागे ठेवलेले नाही.

मात्र, त्यांना निष्ठुर ठरवणे सोपे आहे आणि बरोबर नाही. तिसरे मूल गमावून वर्षच झाले होते. डॉक्टर, शेजारी आणि वरिष्ठ सारे एकच सल्ला देत होते. मुलांजवळ राहायचे तर नवऱ्याला सोडायचे आणि नवऱ्याजवळ राहायचे तर मुलांना, असा पेच भारतातल्या प्रत्येक मेमसाहेबापुढे येई. समाजाने त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवले होते. जे सगळेच करतात ते करताना स्वतःच्या मुलाकडे वेगळे पाहिले जात नाही. किपलिंग कुटुंबाचे तेच झाले.

सोळाव्या वर्षी भारतात परतल्यावर काय झाले?

डेव्हनमधल्या, लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या स्वस्त शाळेत शिक्षण संपवून किपलिंग १८ ऑक्टोबर १८८२ रोजी मुंबई बंदरात उतरले. सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. बंदरावरचे वास आणि आवाज कानी पडताच त्यांच्या तोंडून देशी वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ मात्र त्यांना आठवत नव्हता. अकरा वर्षे दडलेली भाषा जिभेवर आधी आली, डोक्यात नंतर.

वडील १८७५ पासून लाहोरला होते. तिथल्या मेयो कला विद्यालयाचे प्राचार्यपद आणि संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे होते. किपलिंग तिथल्या सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट या वृत्तपत्रात साहाय्यक संपादक झाले. पुढच्या वर्षी ट्रिक्सही आली. तुटलेले चौकोनी कुटुंब बारा वर्षांनी पुन्हा एका छताखाली आले. १८८५ मध्ये तर चौघांनी मिळून लिहिलेला एक नाताळ अंकही निघाला.

पण ऊन इथेही होतेच. उन्हाळ्यात आई आणि बहीण डोंगरात जात. सिमला १८६४ पासूनच सरकारची उन्हाळी राजधानी होती. तरुण उपसंपादकाला मात्र लाहोरमध्ये थांबून अंक काढावा लागे. ताप, आमांश आणि निद्रानाश यांनी त्यांना पुरते पोखरले. झोप येईना म्हणून ते रात्रभर जुन्या शहरातल्या गल्ल्यांत, दारूच्या गुत्त्यांत, गच्च्यांवर आणि रस्त्यांवर निजलेल्या माणसांतून भटकत. आपल्या वर्तुळातल्या इंग्रजांना कधी न दिसलेले शहर त्यांना दिसले. १८८८ मध्ये आलेला त्यांचा पहिला कथासंग्रह या उन्हाळ्यांनी दिला.

मोगली आणि किम यांच्याशी याचा संबंध काय?

किपलिंग १८८९ मध्ये भारतातून गेले. १८९१ च्या अखेरीस आईवडिलांना भेटण्यासाठी ते एकदा येऊन गेले आणि नंतर कधीच आले नाहीत. द जंगल बुक त्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, बर्फाने वेढलेल्या घरात लिहिले. ते १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कथा घडते ती मध्य प्रदेशातील सिवनीच्या जंगलात. त्याच पट्ट्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प आज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत पसरला आहे.

मोगलीची गोष्ट आता वेगळी वाचता येते. आईबापांपासून तुटलेले मूल परक्या जातीत वाढते, त्यांची भाषा शिकते, त्यांच्यात रमते. मग एक दिवस त्याला सांगितले जाते, की तू आमचा नाहीस. माणसांत गेले तर तिथेही दगड खावे लागतात. १९०१ च्या किम या कादंबरीतला अनाथ गोरा मुलगा लाहोरच्या बाजारात देशी मुलांसारखा वाढतो, साहेबांच्या शाळेत धाडला जातो आणि आपण नेमके कोण, हा प्रश्न स्वतःला विचारत राहतो. या कादंबरीच्या सुरुवातीला भेटणारा संग्रहालयाचा प्रेमळ प्रमुख म्हणजे थेट लॉकवूड किपलिंगच. पुस्तकासाठी चित्रशिल्पेही त्यांनीच घडवली. ज्या वडिलांनी मुलाला दूर ठेवले, त्यांच्याबद्दल मुलाच्या मनात कडवटपणा नव्हता, याचा हा पुरावा मानला जातो. साऊथसीच्या घराला मात्र त्यांनी कधी माफ केले नाही. त्या दिवसांवर त्यांनी १८८८ मध्येच एक कथा लिहिली होती. ती आईवडिलांना फार लागली, असे सांगितले जाते.

ट्रिक्सच्या वाट्याला याहून वाईट आले. तीही लिहीत असे. १८९८ पासून तिला गंभीर मानसिक आजाराने ग्रासले आणि त्याची सावली तिच्यावर अनेक वर्षे राहिली. साऊथसीने तिला काय दिले आणि काय हिरावले, हे ठरवणे अवघड आहे.

स्वतःच्या मुलांबाबत त्यांनी काय केले?

किपलिंग यांनी आपली मुले जवळ ठेवली. जोसेफिन, एल्सी आणि जॉन अशी त्यांना तीन मुले होती. १८९९ च्या हिवाळ्यात सगळे कुटुंब न्यूयॉर्कला गेले, तेव्हा वडील आणि मुलगी दोघांनाही न्यूमोनिया झाला. वडील वाचले, सहा वर्षांची जोसेफिन गेली. उष्ण मुंबईने त्यांना मोडले नव्हते. ज्या थंडीला सारे निरोगी समजत, तिने मूल नेले. त्यानंतर १९०० ते १९०८ या काळात ते दर हिवाळ्यात दोन्ही मुलांना घेऊन दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला जात. मुले मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या महायुद्धात मात्र अधू नजरेमुळे नाकारलेल्या जॉनला त्यांनी स्वतः शब्द टाकून सैन्यात भरती करवले. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो अठराव्या वर्षी मारला गेला. त्याचा मृतदेह वडिलांच्या हयातीत ओळखता आला नाही. किपलिंग १८ जानेवारी १९३६ रोजी वारले.

एवढी जवळीक असूनही ते साम्राज्यवादी का राहिले?

हा प्रश्न टाळून किपलिंग वाचता येत नाहीत. १९०७ मध्ये साहित्याचे नोबेल मिळवणारे ते इंग्रजीतले पहिले लेखक. त्याच लेखकाने गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणे हे कर्तव्य मानले, राष्ट्रीय सभेच्या मागण्यांची टिंगल केली आणि जालियनवाला बाग हत्याकांडानंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीला पैसे दिले. मीताचा हात धरून देवळात गेलेल्या मुलाची ही दुसरी बाजू आहे.

काही अभ्यासक त्याचा धागाही बालपणात शोधतात. ज्या मुलाला एके दिवशी अचानक कुणाचाच न राहिल्यासारखे वाटले, तो मोठेपणी टोळी, शिस्त आणि कायदा यांना कवटाळतो. जंगलातही तो आधी कायदा लिहितो. मात्र बालपणीचे दुःख हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे. शिवाय ज्या बंगल्यात ते वाढले, तिथे नोकर कितीही जिव्हाळ्याचे असले तरी हुकूम कुणाचा आणि पाळायचा कुणी, हे ठरलेले होते. भाषा आणि माया नोकरांकडून घेतलेल्या मुलाला त्यांच्या हक्कांची जाणीव झाली नाही.

आज ही गोष्ट का महत्त्वाची?

नोकरीसाठी उष्ण, परक्या देशात गेलेली कुटुंबे आता आपली आहेत. दुबई, मस्कत, दोहा इथे हजारो मराठी घरे आहेत. तिथे औषधे आहेत, वातानुकूलन आहे, आजीआजोबांना रोज व्हिडीओ कॉल करता येतो. तरी काही प्रश्न तेच राहिले. मूल कुणाच्या भाषेत बोलते, दिवसभर कुणाच्या सहवासात असते, शिक्षणासाठी त्याला कधी आणि कुणाकडे पाठवायचे, हे निर्णय आजही आईवडीलच घेतात आणि बहुतेकदा इतर सगळे काय करतात ते पाहूनच घेतात.

किपलिंग यांच्या आईवडिलांनी हवामानाचा विचार केला, खर्चाचा केला, भविष्याचाही केला. फक्त आपण का जात आहोत आणि कधी परत येऊ, हे मुलाला सांगायचे राहून गेले. पुढे त्या मुलाला सारे जग ओळखू लागले. तरी सत्तरीत आत्मचरित्र लिहायला घेतल्यावर त्यांना सर्वांत आधी आठवली ती मुंबईतल्या फळबाजारातली सकाळ आणि सोबत चालणारी आया.